कालचं मांजर

"अर्धा रिकामा आहे, आई. बघ तूच," असं म्हणत मुलाने जुना लॅपटॉप दुकानाच्या काउंटरवर तिच्याकडे फिरवला. पडद्यावर एक आडवी पट्टी होती, अर्धी निळी, अर्धी पांढरी. "इतक्या दिवसांत तुला हाच भरता आला नाही. मग नव्यात दुप्पट जागा घेऊन काय तिथे क्रिकेट खेळायचंय?"

काउंटरवर दोन नवे लॅपटॉप शेजारी शेजारी उघडून ठेवले होते. बाहेरून दोघे जुळे भाऊ. एकात मेमरी आणि स्टोरेज बेताचं, दुसऱ्यात दोन्ही दुप्पट. त्या न दिसणाऱ्या दुपटीची किंमत ऐकून मुलाचा चेहरा कडू औषध घेतल्यासारखा झाला होता.

आईची काहीच तक्रार नव्हती. जुना लॅपटॉप मुलाचाच, त्याने नवा घेतल्यावर तिच्याकडे आलेला. तो सुरू व्हायला लागला की ती चहा टाकायची, आणि पिऊन कप विसळून यायची तरी त्याचं आपलं गोल गोल फिरणं चालूच असायचं. आज नवा मिळणार, एवढ्यावरच ती खूश होती.

जन्मभर तिने शिवणकाम केलं. सुईत दोरा ओवणं डोळ्यांना जड जायला लागलं, तसं तिने मशीन झाकून ठेवलं. मग नातीने तिला पडद्यावर चित्र काढायला शिकवलं. एक काढायचं, जरासं बदलून दुसरं काढायचं, अशी शेकडो काढून भराभर पळवायची, की चित्र हलायला लागतं. तेव्हापासून ही बाई घरात असून नसल्यासारखी. मुलाला एवढंच ठाऊक होतं, की आई काहीतरी चित्रं काढते. चला, तिचा वेळ जातो.

"सर, एक सांगते," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "यातली मेमरी आत पक्की बसवलेली असते. नंतर वाढवता येत नाही. आज घ्याल तेवढीच."

"म्हणजे शिलाईत कापडच सोडलेलं नाही?" आई म्हणाली. "कसला गं हा कंजूष शिंपी!"

मुलगा हसला, पण त्याची जुनी जखम जरा ठसठसलीच. त्याचा शाळेचा प्रत्येक सदरा आईने वाढत्या अंगाचा शिवला होता. खांदे कोपरापर्यंत, बाह्या बोटांच्या पुढे. "आत अजून कोण कोण राहतं?" असं पोरं विचारायची. सदरा एकदाचा अंगाला बसायचा तेव्हा त्याची कॉलर विरलेली असायची. मोठा झाल्यावर त्याने मापात राहायचं ठरवलं आणि ते पाळलंही. आता तो एका गोदामाचा व्यवस्थापक होता. रिकामं रॅक म्हणजे फुकटचं भाडं, हे तो हाताखालच्यांना रोज ऐकवायचा.

"साधाच द्या," तो म्हणाला. "अंथरूण पाहून पाय पसरावेत."

"बरं. काकू, जुन्यातलं सगळं नव्यात टाकून देते." मुलीने जुना लॅपटॉप ओढून घेतला आणि पडद्यावरची यादी बराच वेळ खाली-वर केली. "यात सगळं सरांचंच दिसतंय. तुमचं एकच आहे, 'मांजर'."

"हो, ते कालचं."

मुलीने ते लावलं. एक जाडं मांजर शिलाई मशीनवर चढलं. कोणी बघत नाही ना, याची त्याने खात्री केली. मग ऐटीत शिवायला बसलं आणि शिवता शिवता स्वतःचं शेपूट कापडाला शिवून मोकळं झालं. घडलेला प्रकार लक्षात आल्यावर त्याने कमरेवर हात ठेवून एक सुस्कारा सोडला. हुबेहूब आईचा सुस्कारा. मग नाकावर चष्मा चढवून ते टाके उसवायला बसलं.

मुलगी खळखळून हसली. मुलाला तर काउंटर धरावं लागलं.

"हे तू केलंस?"

"नाही, मांजराने!"

"आई, कमाल आहेस तू! बाकीची दाखव ना."

"बाकीची पुसली."

"पुसली म्हणजे?"

"अरे, जागा संपली म्हणून तो अडून बसतो. मग आधीचं पुसायचं आणि नवं काढायचं, पाटीसारखं. परवाच सगळी पुसली, म्हणून तर तो आज अर्धा रिकामा दिसतोय. सायकल शिकणारं कासव होतं. एका छत्रीत राहणारं अख्खं कुटुंब होतं. ते फार छान जमलं होतं." तिच्या आवाजात कुरकुर नव्हती. उलट तिने त्याला दिलासाच दिला, "तुझ्या कशाला हात नाही लावला हं."

मुलाने पुन्हा त्या निळ्या पट्टीकडे पाहिलं. कधीच सोडून दिलेले गेम. ऑफिसच्या पार्ट्यांचे फोटो. निकाल माहीत असलेल्या मॅचेस. त्याला खूप लाज वाटली. आणि ते छत्रीतलं कुटुंब आता कधीच दिसणार नाही, याचं वाईटही वाटलं.

"अगं, मग मला सांगायचं नाहीस?"

"तू विचारलंस, किती भरलंय. किती पुसलंय, ते कुठे विचारलंस?"

मुलाने साधा लॅपटॉप बंद करून बाजूला सारला आणि दुसरा पुढे ओढला. "हा बांधून द्या."

"अरे, कशाला उगीच!" आई घाईने म्हणाली. "केवढा महाग आहे तो! निम्मा तर रिकामाच राहील."

"राहू दे," तो म्हणाला. "वाढत्या अंगाचा घेतलाय."