सुरुवातीचं पुस्तक

“पोरगा कितवीला हाय, ताई?” दुकानदार कान्हाशेठने विचारलं.

जयमालाने तो प्रश्न टाळला. “अगदी पहिल्यापासून शिकवणारं द्या. काहीच येत नाही, त्यालाही समजेल असं.”

वाशीतल्या त्या दुकानात शाळेच्या पुस्तकांचे ढीग होते. कॉम्प्युटरची तीनच निघाली. कान्हाशेठने ती काउंटरवर मांडली. “यातलं आमाला काय कलत नाय. तुमीच बघा.”

मागे दाराशी तिचा नवरा नंदकुमार रस्त्यावरच्या गाड्या बघत उभा होता. तुर्भ्याच्या कंपनीत पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हा पगाराचा प्रोग्रॅम त्यानेच लिहिला होता. मुंबई ऑफिसची माणसं तो बघायला आली होती. मग त्याला मेंदूज्वर झाला. ताप उतरला, घरची माणसं ओळखू येऊ लागली. पण स्वतःच्याच प्रोग्रॅमचे कागद तो नुसते मांडीवर घेऊन बसायचा. डॉक्टर म्हणाले, हळूहळू शिकवून बघा. कंपनीतले साहेब म्हणाले, “वहिनी, दिवाळीपर्यंत थांबतो. पुढचं माझ्या हातात नाही.”

जयमालाने एक पुस्तक उघडलं. बाण, चौकोन आणि इंग्रजी. दुसरंही तसंच. ती मराठी घेऊन बी.ए. झालेली. यातलं सोपं कुठलं, हे तिला कोण सांगणार? ज्याला विचारायचं, तो दाराशी उभा होता.

तेवढ्यात तोच आत आला. तिसरं पुस्तक उचलून त्याने पानं चाळली.

“हे घे,” तो म्हणाला. “बाकीची नुसती घाबरवतात. हा माणूस हात धरून शिकवतो.”

अगदी पूर्वीचा आवाज. जयमालाला भरून आलं. घाईघाईने तिने पहिल्याच धड्यातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. “अहो, ही ओळ काय सांगते?”

तो वाकला. ओळीवरून बोट फिरवत पुन्हा पहिल्या शब्दाशी आला.

“ते... ते पुढे येईल,” तो पुटपुटला. मग पुस्तक मिटून तिच्या हातात देत त्याने सहज विचारलं, “पण शिकायचंय कोणाला?”

कान्हाशेठने मान खाली घातली. जयमाला नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्याला खरंच ठाऊक नव्हतं.

“मला,” ती म्हणाली.

नंदकुमारचा चेहरा उजळला. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“मग घाबरतेस कशाला? मी आहे ना.”