सर्वात वरची ओळ

"सतरा एकोणपन्नास," असं म्हणत हौगेन सरांनी हातातलं घड्याळ ब्रिटासमोर धरलं.

ब्रिटा किवेला गवतावर आडवी झाली. दम इतका लागला होता की रडताही येईना. विक्रमापेक्षा आठ सेकंद जास्त लागले होते. मोसमातली एकच शर्यत उरली होती, शनिवारची. शाळेचं तिचं हे शेवटचं वर्ष.

"आठच सेकंद गं," तिची मैत्रीण इंगा म्हणाली. "माझा भाऊ तेवढ्यात अख्खा डोनट संपवतो."

"मग त्यालाच पळव टेकडीवर."

टॅमरॅक लेकच्या शाळेत हौगेन सर तीस वर्षं गणित शिकवत होते आणि धावण्याचा संघही सांभाळत होते. शाळेमागच्या टेकडीवरून पाच किलोमीटरची वाट जाई. तिला तीन चढ होते, आणि तिसऱ्यावर भल्याभल्यांचे पाय भरून येत. या वाटेवरच्या सगळ्या वेळा सरांनी स्वतः बनवलेल्या इंटरनेटवरच्या एका पानावर होत्या. पानाची करडी पार्श्वभूमी, निळी अधोरेखित अक्षरं, आणि कोपऱ्यात जागच्या जागी पाय हलवणारा एक चिमुकला धावपटू. शाळेची नवी चकचकीत वेबसाइट आली, तरी सरांनी हे पान तसंच ठेवलं. "सर, तुमचं पान माझ्याहून म्हातारं आहे," असं दरवर्षी कोणीतरी पोर म्हणे, आणि तेच पोर संध्याकाळी घरी ते पान उघडून बसे.

सगळ्यांचे डोळे जात ते सर्वात वरच्या ओळीवर. डी. वेस्टरलंड, १९९९, सतरा मिनिटं एक्केचाळीस सेकंद. शाळेचा रकाना कोरा. जुन्या वह्यांचा तळघरात पाणी शिरून लगदा झाला होता, त्यामुळे पुरावा म्हणाल तर तेवढी एक ओळच.

दुसरी ओळ मात्र दर दोन-तीन वर्षांनी बदलत आली होती. आधी एकोणीस तीस होती, मग एकोणीस, मग अठरा चाळीस, अठरा दहा. आता तिथं ब्रिटाचं नाव होतं.

धावणाऱ्यांच्या चर्चापानांवर वेस्टरलंडबाईंवरून दूरदूरची माणसं हमरीतुमरीवर येत. ती कॅनडातून एका शर्यतीपुरती आली होती, असं एक जण लिही. दुसरा लिही, छे, ती आता अलास्कात कुत्र्यांच्या गाड्या हाकते. हार्डवेअरच्या दुकानातले व्हर्जिल तर छातीवर हात ठेवून सांगत, "मी होतो ना तिथं! अनवाणी पळत होती पोरगी. पाठीवर ही एवढी वेणी. आणि तिसऱ्या चढावर चक्क हसत होती!"

ब्रिटाला हे सगळं तोंडपाठ होतं. चढावर तिला ती वेणी पुढं हलताना दिसायची.

"सर, ती खरंच हसत होती?" तिनं एकदा विचारलं होतं.

"मी तिला धावताना नाही पाहिलं, ब्रिटा."

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत ती संगणकाच्या खोलीत आली. सर एकटेच होते. पडद्यावर तेच पान.

"मी शनिवारी नाही धावत," ती म्हणाली. "ती माणूस नव्हतीच सर. मी चार वर्षं मेहनत केली. नाही जमत मला."

सरांनी पडद्यावरचा बाण हळूहळू सर्वात वरच्या ओळीवर नेला.

"ही ओळ काढून टाकू?"

"म्हणजे?"

"पुसून टाकतो. मग वरचं नाव तुझंच."

ब्रिटाचे कान लाल झाले. "सर, तुम्ही हे बोलताय? लबाडी केली तर आम्हाला महिनाभर शर्यतीबाहेर बसवणारे तुम्ही? तिनं कमावलंय ते! मला दया नको कुणाची."

"दया नाही गं."

"मग काय?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, ते त्यांनी गिळलं. "काही नाही. जा, सँडविच खा तुझं."

ती दारापर्यंत गेली आणि वळली. "मी धावणार शनिवारी. आणि तुम्ही त्या ओळीला हात लावायचा नाही."

"नाही लावत."

शनिवारी टेकडी दवानं पांढरी झाली होती. पहिल्या चढावर ब्रिटा इतरांच्या पुढं गेली, दुसऱ्यावर दिसेनाशी झाली. तिसऱ्या चढाच्या माथ्यावर ती पुन्हा दिसली, तेव्हा आरडाओरडा करणारी माणसं एकाएकी शांत झाली. ती धावत होती, पण कष्टाची खूण कुठंच नव्हती. वाऱ्यानं पान वाहून न्यावं तशी ती उतारावरून खाली आली.

सरांनी घड्याळ दाबलं. मग दुसरं घड्याळ पाहिलं. मग सत्तरीकडे झुकलेले हौगेन सर टोपी काढून ओल्या गवतावर मटकन बसले.

"सर! किती?" इंगा ओरडली.

त्यांनी नुसतं घड्याळ वर धरलं. सतरा अडतीस.

व्हर्जिल लहान मुलासारखे रडत होते. "अगदी तिच्यासारखी," ते म्हणत होते, "अगदी तिच्यासारखी!"

दुपारी सरांनी संगणकासमोरची आपली खुर्ची ब्रिटाला दिली. "तूच लिही."

तिनं एका बोटानं नाव लिहिलं, वेळ लिहिली. डी. वेस्टरलंड एक ओळ खाली सरकली. ब्रिटा दोघींची नावं कितीतरी वेळ बघत राहिली. आनंद तर होताच, पण कुणाच्या तरी घरात न विचारता पाऊल टाकल्यासारखंही वाटत होतं.

"सर, त्यांना कळवायला हवं. कुठंही असोत, आपण शोधू. मला त्यांचे आभार मानायचेत. त्या नसत्या तर मी अठराच्या आत कधी आलेच नसते. तुम्हाला काहीच आठवत नाही का त्यांच्याबद्दल?"

सरांनी स्टूल ओढलं आणि तिच्याशेजारी बसले, गणित अडलेल्या मुलाजवळ बसत तसे.

"आठवतं ना. त्या वर्षी मी हे पान बनवत होतो. रकाने सरळ येतात का, ते बघायला एक ओळ हवी होती. मनाला येईल ते एक नाव टाकलं. आणि कुणाला खरी वाटू नये, म्हणून या टेकडीवर माणसाला धावताच येणार नाही अशी एक वेळ."