आधी मी बसतो

थोरल्या लेकीला जुळी झाली त्या वर्षी, जूनच्या पहिल्या मंगळवारी, धाकटी दातांच्या दवाखान्याच्या पायरीवर बसली ती उठेचना. आबा शेजारी उभे होते. त्यांच्या एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात लेकीच्या चपला होत्या. चपला पायांत राहिल्या तर ती पळेल, अशी त्यांना खात्री होती.

"ठके, ऊठ. माणसं बघताहेत."

"बघू देत. आबा, पुढच्या आठवड्यात येऊ ना."

"तुझा पुढचा आठवडा मार्चपासून चाललाय."

ते खोटं नव्हतं. दुखणं फेब्रुवारीतलं. अक्कलदाढ आडवी उगवली होती, काढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी मार्चची तारीख दिली, तेव्हा ठकीने सभागृहाच्या खुर्च्यांचं काम पुढे केलं. एप्रिलच्या तारखेला सर्दी झाली. मे महिन्यात थोरलीची जुळी उपयोगी पडली. जन्मून आठ दिवस झाले नाहीत तोच त्यांनी मावशीची दाढ वाचवली. सव्वीस वर्षांची बाई, दुकानात वीतभर लांब दाभण चालवणारी. पण पक्कड डोळ्यांपुढे आली की ती नवं निमित्त शोधायची.

दुकान बापलेकीचं होतं. सोफे, खुर्च्या, गाड्यांच्या सीटा मढवायच्या. ठकी शिवायची, आबा ठोकायचे. त्यांचे खिळे तोंडात असत. दहा-बारा बारीक खिळे डाव्या गालात ठेवायचे, जिभेने एकेक फिरवून ओठांवर आणायचा आणि हातोडीखाली द्यायचा. पन्नास वर्षांत एकही खिळा गिळला नाही, हा त्यांचा अभिमान. तोंड असं भरलेलं, म्हणून सगळं बोलणं हुंकारावर. एक हुंकार म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. तेवढ्यावर बापलेकीचा दिवस निघायचा.

"तोंडात खिळे असले की माणूस खोटं बोलत नाही," आबा म्हणायचे. "खोट्याला जागा लागते."

फेब्रुवारीत कधीतरी ते खिळे उजव्या गालात गेले. ठकीच्या लगेच लक्षात आलं.

"आबा, गाल बदललात?"

एक हुंकार.

मग जेवतानाही ते उजव्याच बाजूने चावू लागले. दाढेपायी ठकीचंही तेच चाललं होतं. ताटावर दोघं समोरासमोर, तोंड एकाच बाजूला वाकडं करून.

"तुला सोबत," आबा म्हणाले. ठकीला त्या दुखण्यातही हसू फुटलं.

आता पायरीवर आबा तिच्या शेजारी टेकले.

"हे बघ, मार्चपासून सांगतोय. आधी मी बसतो खुर्चीत. तू नुसतं बघ. मला काही झालं नाही, तर मग तू बस."

"आणि झालं तर?"

"तर चपला तुझ्या, रस्ता तुझा."

ठकीने डोळे पुसले आणि उठली.

आत गेल्यावर आबांनी डॉक्टरीणबाईंना समजावलं. गेल्याच वर्षी त्या खुर्चीला हिरवं रेक्झिन त्यांनी स्वतःच्या हाताने चढवलं होतं. "खुर्ची माझीच आहे, बाई. हिला दाखवायचंय की ती चावत नाही." बाई हसल्या. आबा आडवे झाले, हात पोटावर ठेवले. अडुसष्ट वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी डॉक्टरपुढे आ केला.

बाईंनी आरसा आत घातला. तोवर त्या हसतच होत्या. मग त्यांनी दिवा जवळ ओढला. डावा गाल बोटाने बाजूला केला आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"आबा, हे कधीपासून आहे?"

"खिळा टोचला असेल. टोचतो एखादा."

"कधीपासून?"

आबांनी ठकीकडे पाहिलं आणि नजर छताकडे वळवली. "हिची दाढ दुखायला लागली तेव्हापासून."

ठकीची दाढ त्याच दिवशी निघाली. आबा म्हणाले, ठरल्याप्रमाणे करायचं. वीस मिनिटं लागली. आबांनी तिचा हात धरला होता. दुखलं म्हणावं असं काहीच झालं नाही. तोंडात कापूस धरून ती बाहेर आली, तेव्हा तिच्या पिशवीत मोठ्या इस्पितळाला लिहिलेली चिठ्ठी होती. तिच्यावर आबांचं नाव होतं.

मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी तिला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि सरळ सांगितलं. "मार्चमध्ये आणलं असतंत, तर एवढासा तुकडा काढून भागलं असतं. आता गाल जाईल, अर्धी जीभ जाईल. तरीही मी शब्द देऊ शकत नाही."

जुलैमध्ये आबांचं ऑपरेशन झालं. डोळे आणि कपाळ सोडून चेहरा पट्ट्यांत गेला. ठकी तीन दिवस उशाशी बसून होती. चादर नीट करायची, नळी सरकली का बघायची. चौथ्या दिवशी तिला राहवलं नाही.

"आबा, मी मार्चमध्येच आले असते, तर तुम्ही बरे झाला असतात ना?"

आबांनी डोळे उघडले. तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हुंकार दिला. थोडं थांबून दुसरा दिला, ठोकून पक्का करावा तसा.

त्यांच्या तोंडात तेव्हा एकही खिळा नव्हता.

आबा त्याच वर्षी गेले, डिसेंबरच्या अकरा तारखेला, दुपारी.