पाठपोट

पहिला कागद वाया गेला. दुसरं पान पहिल्याच्याच अंगावर छापून आलं. अक्षरांवर अक्षरं, नुसता काळा गिचका.

दुसऱ्या वेळी मनालीने कागद पालटून घातला. आता मागची बाजू उलटी आली. डोकं खाली, पाय वर.

"काय गो, कॉम्प्युटरच्या क्लासला कागद फुकट घालवायला शिकवतात?" दारातून पप्पा म्हणाले.

"थांबा ना पप्पा! येतंय!"

येणारच होतं. अख्ख्या आळीत कॉम्प्युटर एकाच घरी होता आणि तो चालवणारीही एकच होती, नववीतली मनाली. मंडळाची कार्यक्रमपत्रिका तिनेच छापली होती. पुढची बाजू छापून झाली की कागद प्रिंटरच्या ट्रेमध्ये पुन्हा कसा ठेवायचा, एवढाच काय तो प्रश्न.

बाहेर ओटीवर गुणाआत्या बसली होती. पप्पांची थोरली बहीण. सकाळच्या एस्टीने अंबाडीहून आली होती. आजोबा, म्हणजे सावळाराम, जाऊन चार महिने झाले होते. हायवेलगतच्या त्यांच्या शेतावर आता गोडाऊनवाल्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या होत्या. सातबाऱ्यावर वारसांची नावं चढवायची आहेत, तुझा अंगठा लागेल, असा पप्पांनी निरोप धाडला होता. मजकूर वकिलाकडून सीडीत आला होता.

"एकच कागद हाय ना रे, केसरी? मला तीनची गाडी गाठायची हाय."

"एकच, बाय. मागल्या बाजूला अंगठा दिलास का झालं."

मनालीने तिसऱ्या कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बाण काढला आणि पहिलं पान छापलं. मग बाण कुठल्या दिशेला गेला ते ताडून बघायला तिने मघाचा उलटा आलेला कागद हातात घेतला. तो फिरवला, पालटला. पुढे वारसांची नावं होती. केसरीनाथ, गुणाबाई. मागे तिची नजर एका ओळीवर अडकली.

'सदर जमिनीतील माझा संपूर्ण हिस्सा मी राजीखुशीने, कोणताही मोबदला न घेता, माझ्या भावाच्या नावे कायमचा सोडून देत आहे.'

तिने ती ओळ परत वाचली. खाली अंगठ्यासाठी चौकोन होता.

पप्पा आत आले. आवाज एकदम खाली आला होता.

"पाठपोटच काढ हां. सुटे कागद नको."

ते बाहेर गेले. बाहेर आत्या आईला सांगत होती, बाबांचं नाव कागदावरनं जाणार, पण त्याच्याखाली आपलं येणार, हे काय कमी हाय?

बाणावरून आता सगळं स्पष्ट झालं होतं. छापलेली बाजू खाली, डोकं आत. या वेळी पान अगदी सरळ येणार, याची तिला पक्की खात्री होती.

तिने तो बाणाचा कागद बाजूला काढून ठेवला. ट्रेमध्ये कोरा कागद घातला आणि बटण दाबलं.

बाहेर येऊन तिने दोन कागद आत्याच्या मांडीवर शेजारी शेजारी ठेवले.

"हे काय? पाठपोट बोल्लो होतो ना तुला?"

"मला नाही जमत, पप्पा."

असं ती आजवर कुणाला म्हणाली नव्हती. म्हणताना तिने मान मात्र खाली घातली नाही.

"आण इकडं." पप्पांनी हात पुढे केला. त्याआधीच आत्याचा तळवा दोन्ही कागदांवर पडला होता. तिला वाचता येत नव्हतं. पण एकाचे दोन झालेले दिसत होते, आणि अंगठ्याचा चौकोन कुठल्या कागदावर आहे तेही दिसत होतं.

"केसरी, तू एकच बोल्ला व्हतास."

पप्पांनी हात मागे घेतला.

आत्याने कागद उचलले आणि मनालीच्या हातात दिले.

"वाच गो बाय. दुसरा आधी."