त्याचं थोबाड

"नाक आणखी फेंदारा," गोजराबाई म्हणाली.

बंडोपंतांनी तिसऱ्यांदा खोडरबर उचललं. पुण्याहून येऊन त्यांनी मुठा गावात नवा बंगला बांधला होता, आणि तिथं ते माणसांची चित्रं काढत. रीत ठरलेली. आधी कवटी, मग मांस, शेवटी कातडी. कातडी चढवताना थोडा गोडवा.

आज समोर काढायला माणूसच नव्हता. मोकळ्या कपाळाची ही म्हातारी तेवढी ओसरीवर हटून बसली होती. सोमवारच्या आत एक तोंड काढून द्या म्हणे.

"पण आहे कोण हा?"

"त्याचं नाव न्हाई घेणार मी."

बंडोपंत मिशीत हसले. नवऱ्याचं नाव कोणती म्हातारी घेते? फोटो नसेल बिचारीकडे. सोमवारी वर्षश्राद्ध असेल.

"बरं, ओठ?"

"जाड. कोपऱ्यात तंबाकूचा लगदा. लाळ पार हनवटीपत्तुर."

"लाळ राहू द्या, आजी."

"ऱ्हाऊ द्या कशी? काढा! डोळ्यात चिपडं. मानंवर चामखीळ, शेंगदाण्याएवढी. त्यातनं दोन केस."

बंडोपंतांनी पेन्सिल खाली ठेवली. "माणसाचं शरीर सुंदर असतं, आजी. नीट बघावं लागतं."

"दोन हातावरनं बगितलंय मी. वास बी घेतलाय." ती अंगणात पचकन थुंकली.

एवढा संसार करून ही किळस! बंडोपंतांना गेलेल्याची दया आली. त्यांनी हळूच गाल भरले, नजर मवाळ केली.

"असला कुटं व्हता!" म्हातारीनं कागदावर बोट आपटलं. "ह्याला कोण वळखंल, सायेब? न्हाई वळखला तर माजं समदं गेलं."

मग त्यांनी गोडवा सोडला. लाळ, चिपडं, केसांसकट चामखीळ, सगळं काढलं. इतकं हुबेहूब की एक माशी येऊन थेट ओठाच्या कोपऱ्यात बसली, आणि उठेना. बंडोपंतांनी तोंड फिरवलं.

"ह्योच!" गोजराबाई कागदावर वाकली. "ह्योच त्यो!"

"घ्या. सोमवारी हार घाला याला."

"हार? ह्या मुडद्याला?" तिनं कागदाची सुरळी केली. "कोर्टात दावायचाय. ह्याचं खरं नाव कुनालाच ठावं न्हाई. माजा धनी मेल्यावर सा म्हैन्यानं ह्यो कचेरीत माज्या शेजारी हुबा ऱ्हायला, मी वरडत असताना धन्याचं नाव सांगून अंगठा दिला, अन् आमची जमीन इकली. हीच की, तुमच्या बंगल्याखालची."