आखणी

पेणच्या गणपतीच्या कारखान्यात डोळे आखायचं काम सुजयचं. मित्राने दिलेली केटामाइनच्या नशेच्या पावडरीची चिमूट त्याने पहिल्यांदा ओढली, तेव्हा अंग कापसासारखं हलकं झालं आणि तो खाडीवरच्या बगळ्यासारखा अलगद तरंगत राहिला. महिन्याभरात तेवढ्या एका चिमटीने पाय जमिनीवरून सुटेनात. मग दोन, मग चार. पुडी रंगांच्या फळीवर, पांढऱ्या डब्याआड असायची. "कामाच्या वेळी मी तिकडं बघत पण नाय," असं स्वतःला सांगून तो निर्धास्त असायचा.

आज साठ मूर्तींची ओळ आखून झाली. मुकुट रंगवणाऱ्या इंदुबाई ओळीपुढे हात जोडून उभ्या राहिल्या, आणि जोडलेले हात तसेच ठेवून थबकल्या.

"सुजय, एक पण देव माझ्याकडं बघत नाय रे."

"काय पण काय, इंदुबाई!" तो हसत उठला आणि त्यांच्या शेजारी येऊन उभा राहिला. कालच्या तरंगण्याचं धुकं अजून डोक्यात होतं. त्या धुक्यातून त्याने एकेका मूर्तीचे डोळे पाहिले. मग ते कुठे लागलेत, तेही पाहिलं.

साठही देव पांढऱ्या डब्याकडे बघत होते.