घराची ओळखपरेड

पक्षाघातानं अक्कांची जीभ जड झाली आणि आवाजावर चालणाऱ्या घरानं त्यांना ओळखणंच सोडलं. ज्याला घर ओळखत नाही, त्यानं घरात एकटं राहायचं नाही, असा नियम होता. आज तपासणीत दार उघडलं नाही, तर अक्कांची रवानगी वृद्धाश्रमात.

धाकटी जाऊ रत्नप्रभा मात्र हट्टाला पेटली होती. घराचा कंपनीनं बसवलेला मेंदू काढून तिनं सुपारीच्या डबीएवढा संगणक भिंतीत बसवला, चुकतमाकत त्यावर घर चालवायचा प्रोग्राम चढवला आणि अक्कांचं जड बोलणं कळावं म्हणून अक्कांनाच बोलायला लावून त्याची शिकवणी घेतली.

तपासनीस दाराबाहेर उभे राहिले. "बोला, आजी."

"दार उघड," अक्का कशाबशा म्हणाल्या.

दार ढिम्म.

रत्नप्रभाच्या एकदम लक्षात आलं. शिकवणीत प्रोग्राम सारखा अडायचा आणि अक्का त्याला शिव्या घालायच्या. त्यानं तेवढंच मनावर घेतलं होतं.

"अक्का, पाहुण्यांची भीड नको. रोजच्यासारखं बोला."

"मुडद्या, उघडतोस का घालू पाठीत धपाटा?"

दार सताड उघडलं. तपासनीस दचकून मागे सरकले.

"ओळखतं की!"

"न ओळखून सांगतंय कुणाला?" रत्नप्रभा डोळे पुसत हसली. "नवी नवरी होते, तेव्हा मीही अशीच शिकले."